वस्ताद, पंच आणि फडाभोवतीचा खानदेश

चैत्री पौर्णिमेला धुळ्यात पांझरेकाठी एकवीरा देवीची यात्रा भरते, वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या समाधीपाशी माणसांचा पूर लोटतो, आणि या दोहोंच्या आगेमागे गिरणा, तापी, अनेर यांच्या काठची लहानमोठी गावे आपापल्या ग्रामदैवतांच्या यात्रा साजऱ्या करतात. तगतराव, म्हणजे मिरवणुकीची सजवलेली गाडी, मिरवून झाला, तमाशाची रात्र सरली, की दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर कुस्त्यांची दंगल. नांगरून, ढेकळे फोडून, पाणी शिंपून मऊ केलेल्या जागेभोवती जे कडे धरले जाते, त्यात पुढे मुले, त्यांच्या मागे टोप्या-उपरण्यांतील वडीलधारी मंडळी आणि सर्वांत मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर उभे राहिलेले तरुण असा क्रम असतो. आणि या कड्यातील बहुतेक प्रत्येक माणूस स्वतःस कुस्तीतला जाणकार समजतो. त्याचा हा समज निराधार नाही, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. ज्याने लहानपणी रेवड्यांच्या कुस्तीत एकदा तरी अंगाला माती लावून घेतली नाही, असा शेतकरी पुरुष धुळे-जळगाव या दोन जिल्ह्यांच्या जुन्या पिढीत विरळाच.

जोड ठरते ती अशी. लंगोट कसलेला पोऱ्या हात उंचावून फडाभोवती फेरी मारतो. त्याच्या तोलाचा दुसरा कोणी उठून त्याच्या हातावर हात ठेवतो. पंच दोघांना शेजारी उभे करून मान, खांदे, मांड्या नुसत्या नजरेने जोखतात, इनामाची रक्कम पुकारतात आणि हलगी घुमू लागते. पण तेवढ्यात कड्यातून आक्षेप येतो: जोड बरोबर नाही, हा गडी मागच्या साली थोराड पैलवानाशी बरोबरीत सुटलेला आहे, या कोवळ्या पोराला त्याच्या अंगावर घालू नका. पंच थबकतात, पुन्हा नजर टाकतात, आणि पुष्कळदा जोड मोडून दुसरी लावतात. कुस्ती सुरू झाल्यावर दोघे नुसतीच मनगटे धरून फिरत राहिले तर शिट्ट्या पडतात. नूरा, म्हणजे आधीच ठरवून लढलेल्या, कुस्तीचा संशय आला तर इनाम रोखून धरण्याची मागणी होते. आणि ढाक किंवा कलाजंग हा डाव स्वच्छ बसून पाठ मातीला लागली, की जेत्याच्या मुठीत नोटा कोंबणारे हात त्याच्या गावाचे नाव विचारण्याआधीच पुढे झालेले असतात. पंचांचा अधिकार येथे सर्वमान्य आहे, पण तो अधिकार ज्यांच्यापासून उत्पन्न होतो ती मंडळी चार हातांवर बसलेली असतात, आणि याचे भान पंचांना सुटत नाही.

या अधिकाराचे मूळ वर्गणीत आहे. दंगलीचा खर्च सरकार देत नाही. तो गाव देते. कोणी ज्वारीच्या पोत्याच्या रूपाने, कोणी रोकड, कोणी शेवटच्या कुस्तीची चांदीची गदा आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ. आणि पुष्कळ गावांत यात्रा पार पडल्यावर मारुतीच्या पारावर जमाखर्च वाचून दाखवण्याचा रिवाज आजही टिकून आहे. ज्याने वर्गणी दिली त्याला विचारण्याचा हक्क, आणि ज्याने कारभार केला त्याच्यावर सांगण्याचे बंधन, इतका सरळ हा व्यवहार. मराठी कुस्तीच्या इतिहासातील सर्वांत उज्ज्वल प्रसंग याच व्यवहारातून उभा राहिला, हे येथे आठवते. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधवांना पाठवायला पैसा नव्हता, तेव्हा कराडजवळच्या गोळेश्वर गावाने आणि परिसराने वर्गणी केली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक त्या पैशावर मिळाले. त्या वेळचे व्यवस्थापन म्हणजे प्रेक्षकच होते. संघटनेचे दप्तर, शिक्के आणि पदाधिकारी नंतर आले.

धुळे आणि जळगाव येथील कुस्तीशौकिनांची मते वर्षानुवर्षे ऐकत असता माझ्या ध्यानात एक गोष्ट आली आहे. या मतांचे दोन थर आहेत. एक थर पंचांविषयीचा. तो मोठ्याने, त्या क्षणी, आणि बहुधा रागाने व्यक्त होतो, म्हणून तो वृत्तपत्रांत छापला जातो. दुसरा थर वस्तादांविषयीचा आणि कारभाऱ्यांविषयीचा; तो धुळ्याच्या पाचकंदिलापाशी चहा घेताना, चाळीसगावच्या स्थानकावर गाडीची वाट पाहताना, अमळनेर-पारोळ्याकडच्या लग्नाच्या मांडवात हलक्या आवाजात निघतो, आणि कोणी तो टिपून घेत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की मोलाचा आहे तो हा दुसरा थर, आणि राज्याच्या कुस्तीचा कारभार पाहणाऱ्यांनी त्याकडे कान देण्याची तजवीज आजवर केलेली नाही.

खानदेशाचा या कारभाराशी संबंध दूरचा नाही. मामासाहेब मोहोळ यांनी 1953 साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन केली आणि 1961 मध्ये औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. दुसऱ्याच वर्षी, 1962 साली, हा मान धुळ्याला मिळाला व भगवान मोरे तेथे महाराष्ट्र केसरी झाले. 1966 साली जळगावला दिनानाथ सिंह यांनी किताब पटकावला. 1977 साली स्पर्धेचे अधिवेशन चाळीसगावला भरले, आणि त्या वर्षी किताब कोणासच न मिळता निकाल अनिर्णित राहिला. अनिर्णित हा शब्द आजच्या तरुणांना खटकतो; त्यांना प्रत्येक लढतीअंती गुणफलक व विजेता हवा असतो. परंतु निकाली कुस्ती झाल्याखेरीज केसरी ठरवायचा नाही, ही कठोरता त्या काळच्या प्रेक्षकाला मान्य होती, इतकेच नव्हे तर त्यास ती प्रिय होती, कारण गदा न देण्यात गदेचा मान राखला जात होता. चाळीसगावकडच्या वृद्ध शौकिनांच्या बोलण्यात त्या अधिवेशनाविषयी तक्रारीचा सूर मला कधी आढळला नाही.

त्याच चाळीसगाव तालुक्यातील सायगावचा मुलगा पुढे सबंध महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. विजय चौधरी यांनी 2014 साली अहमदनगरला सचिन येलभर यांना, 2015 साली नागपूरला विक्रांत जाधव यांना आणि 2016 साली पुण्याजवळ वारजे येथे अभिजीत कटके यांना हरवून सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी होण्याचा पराक्रम केला. त्यांच्यापूर्वी हे फक्त नरसिंग यादव यांना साधले होते. राज्य शासनाने चौधरी यांना पोलीस दलात थेट उपअधीक्षकपदी नेमले. त्या तीन वर्षांत खानदेशातील गावोगावी जे घडले ते ज्यांनी पाहिले त्यांना विसरता येणार नाही. ज्या घरांत कुस्तीचे नाव निघत नव्हते तेथील बायाबापड्याही दूरचित्रवाणीपुढे बसल्या, 'आमना पोऱ्या' हे दोन शब्द सायगावापासून पार साक्री-शिरपूरपर्यंत सर्वांच्या तोंडी झाले, आणि ओस पडलेल्या कित्येक तालमींच्या कुलपांना पुन्हा किल्ल्या लागल्या.

पण हाच प्रसंग दुसऱ्या थरातील मताला तोंड फोडणारा ठरला. गौरवाची भाषणे आटोपल्यावर लोक एकमेकांना विचारू लागले, की आपला पोऱ्या घडला कोठे? तर पुण्यात, बऱ्हाणपूरच्या हिंदकेसरी रोहित पटेल यांच्या हाताखाली. त्यात वावगे काही नाही. उत्तम गुरूच्या शोधात शिष्याने परगावी जावे ही आपली रीतच आहे, आणि बऱ्हाणपूर तर तापीच्या काठाने खानदेशाचे शेजारघर. शौकिनांचा सवाल वेगळा होता. पुण्यातील किंवा कोल्हापूरच्या गंगावेस-मोतीबाग तालमींतील खोली, खुराक व वर्षानुवर्षे बिनकमाईचे दिवस ज्या घराला परवडतात त्या घरातला मुलगा पुढे जातो. उरलेली, तितक्याच ताकदीची पोरे पंधरा-सोळाव्या वर्षी केळीच्या बागांत, सूतगिरणीत किंवा सुरतेच्या गाडीत बसून नाहीशी होतात. त्यांच्या गावी त्यांना शिकवणारा कोणी राहिला नाही, हे त्याचे कारण. हे मत मांडणारी माणसे कुस्तीची अभ्यासक नव्हेत. पण संघटनेच्या कोणत्याही अहवालात याहून अचूक निदान मी वाचलेले नाही.

वस्तादाचे काम काय असते हे जवळून पाहिल्याखेरीज या निदानाचे वजन कळणार नाही. पहाटे चारच्या सुमारास, गावाला जाग येण्यापूर्वी, तो तालमीचे दार उघडतो. हौद्यातील माती फावड्याने उकरणे हे पहिले काम. ते तो पोरांकडून करवून घेतो, कारण त्यात खांदा आणि कंबर दोन्ही तयार होतात. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती इतकी मुरवलेली असते, की पडलेल्याला लागू नये आणि खरचटलेले चिघळू नये. मग जोर, बैठका, सपाट्या. आणि त्यानंतर लढत. येथे वस्तादाचा डोळा लागतो. पट काढताना पोऱ्याने डोके किंचित चुकीच्या बाजूला ठेवले, तर समोरच्याला मान सापडते आणि डाव उलटतो. ढाक मारताना कंबर आधी आणि हात मागून फिरला, तर सारी शक्ती वाया जाते. ही चूक निमिषात घडते व निमिषात सरते. वस्ताद हाताच्या इशाऱ्याने लढत थांबवतो, एका बोटाने पोऱ्याची मान दोन अंगुळे डावीकडे सरकवतो, आणि एवढेच शंभरदा करून घेतो. शब्द फार वापरत नाही. कोणाच्या घरी दूध आटले आहे, कोणाचा बाप व्यसनी आहे, कोणाला परीक्षा आहे, हे त्याला ठाऊक असते, आणि खुराकाचे बदाम प्रसंगी तो स्वतःच्या खिशातून आणतो. सूर्य वर आला की हाच मनुष्य शेतावर, गिरणीवर किंवा हमालीवर जातो. कारण या कामाचे त्याला वेतन नाही.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतलेले शासकीय प्रशिक्षक जिल्ह्याच्या संकुलांत असतात, आणि त्यांच्या ज्ञानाविषयी माझ्या मनात आदर आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी असलेला एक प्रशिक्षक दीडशे गावांतील पहाटेला पुरा पडू शकत नाही. शौकिनांत याविषयी एक जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, आता ऑलिंपिक गादीवर होते, तेव्हा मातीचा मोह सोडून गावोगावी गाद्या द्याव्यात. दुसरा म्हणतो, मातीतली पकड गेली की मराठी कुस्तीचा कणा गेला. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग करून दोहोंतील विजेत्यांची अखेरची लढत लावण्याची जी योजना आहे, तिने हा वाद मिटवलेला नाही, नुसता समसमान वाटून दिला आहे. मला पहिल्या पक्षाचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते, मात्र एका अटीवर: गादीबरोबर ती शिकवणारा माणूस दिला पाहिजे. आमदार निधीतून आलेल्या आणि शिकवणाराच नसल्याने शाळेच्या खोलीत गुंडाळून ठेवलेल्या गाद्या मी पाहिल्या आहेत. वस्तू मंजूर होते. मनुष्य मंजूर होत नाही. कारभाराचे हे वैगुण्य गावकरी माझ्याहून अधिक स्पष्ट शब्दांत सांगतात.

आता पहिल्या थराकडे, म्हणजे पंचांविषयीच्या मतांकडे वळतो. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरची टांग लागल्यावर पंचांनी गायकवाडांना चार गुण दिले आणि त्या चार गुणांवर राज्यभर वाद पेटला. गादीच्या नियमाप्रमाणे चार गुण मिळतात ते प्रतिस्पर्धी त्या फेकीत धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ जमिनीकडे वळलेल्या स्थितीत, गेला तर. तो तसा गेला होता की नाही, हे ठरवण्यासाठी जळगाव-धुळ्याच्या टपऱ्यांवर माणसे भ्रमणध्वनीवरचे चित्रण थांबवून थांबवून पाहत होती. अंतिम लढतीत शिवराज राक्षे यांनी गायकवाडांना मिनिटभराच्या आत चीतपट केले, तरी चर्चा त्या चार गुणांचीच राहिली. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला याहून वाईट घडले. गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांनी राक्षे यांना चीतपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते असा राक्षे यांचा दावा होता. चित्रण पाहून फेरविचार व्हावा ही मागणी मान्य झाली नाही, आणि त्या संतापात त्यांनी पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड पंचांशी वाद होऊन गादी सोडून निघून गेले व मोहोळ विजयी घोषित झाले. राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

पंचावर पाय उगारणे हा कोणत्याही आखाड्यात अक्षम्य अपराध आहे, आणि खानदेशातील जुने पैलवान याविषयी एका शब्दाचीही सवलत द्यायला तयार नव्हते; हंगाम गेला तरी चालेल पण हा पाय परत उचलला जाता कामा नये, असेच त्यांचे मत पडले. तथापि त्याच माणसांनी दुसरा प्रश्नही तितक्याच ठामपणे विचारला. चित्रण उपलब्ध असताना ते सर्वांसमक्ष पाहून निर्णय कायम करायला किंवा बदलायला काय हरकत होती? यात्रेतील दंगलीत शंका निघाली तर पंच दोन्हीकडच्या वस्तादांना जवळ बोलावतात, चार जाणत्यांना विचारतात, आणि मग हलगी थांबवून निर्णय मोठ्याने पुकारतात. लक्षावधी रुपयांची बक्षिसे व मोटारगाड्या देणाऱ्या स्पर्धेत इतकी साधी कार्यवाही करायला संयोजकांना सवड होऊ नये, ही गोष्ट त्यांना समजत नाही, आणि मलाही समजत नाही. दंड दोघा पैलवानांना झाला तो योग्यच. परंतु शंकेचे निरसन करण्याची रीत घालून न देणाऱ्या कारभाऱ्यांस कोणताही जाब द्यावा लागला नाही, आणि फडाभोवतीच्या माणसाला सलते आहे ते हे.

त्यातच संघटना दुभंगली. दीर्घकाळ शरद पवार अध्यक्ष असलेली परिषद 2022 साली भारतीय कुस्ती महासंघाने बरखास्त केली, रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघ उभा राहिला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले: पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. 2025 सालीही तेच. अहिल्यानगरनंतर मार्चमध्ये कर्जतला दुसऱ्या संघटनेच्या स्पर्धेत वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाले. ज्या महासंघाने परिषद बरखास्त केली, त्याच्याच अध्यक्षांविरुद्ध 2023 च्या जानेवारीत साक्षी मलिक, विनेश फोगाट आणि बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर बसले होते, आणि त्याच साली जागतिक संघटनेने महासंघाला निलंबित केले होते. या भांडणातील कायदेशीर बाजूंचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. पण चाळीसगाव तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने आपल्या पोऱ्याला कोणत्या संघटनेच्या निवड चाचणीला पाठवावे, आणि उद्या नोकरीच्या अर्जाला कोणाचे प्रमाणपत्र जोडावे, या प्रश्नाचे उत्तर त्याला कोणी द्यायचे? मुलींच्या बाबतीत तर ही अनिश्चितता अधिक घातक आहे. मार्च 2023 मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली व प्रतीक्षा बागडी यांनी वैष्णवी पाटील यांना हरवून तो मान मिळवला. त्यानंतर खानदेशातही काही बाप मुलींना हौद्यात उतरवू लागले आहेत, आणि जो बाप अवघ्या भाऊबंदकीचा विरोध सोसून हे करतो त्याला संघटनेच्या वादाचे निमित्त देऊन माघारी फिरवणे सोपे असते.

येथे एक परदेशचे उदाहरण आठवते, आणि त्याचा धागा सायगावपर्यंत पोचतो. 2023 च्या उन्हाळ्यात कॅनडातील विनिपेग शहरी जागतिक पोलीस व अग्निशमन दलांच्या क्रीडा स्पर्धा झाल्या, तेथे विजय चौधरी यांनी 125 किलो वजनगटात सुवर्णपदक जिंकले. ज्या शहरात खानदेशाच्या मल्लाने हे यश मिळवले, त्या शहराचा स्वतःचा प्राणप्रिय खेळ म्हणजे कॅनेडियन फुटबॉल: हाताने खेळायचा, एका बाजूला 12 गडी, 110 यार्डांचे मैदान आणि दहा यार्ड पुढे सरकायला तीनच संधी. तेथील ब्लू बॉम्बर्स हा 1930 साली स्थापन झालेला संघ कोणा धनिकाच्या मालकीचा नाही. तो नफा न वाटणाऱ्या सार्वजनिक संस्थेच्या रूपाने शहराच्या मालकीचा आहे, आणि त्याचा वार्षिक जमाखर्च जाहीर होतो. शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतातील रफरायडर्स या संघाने तर सामान्य चाहत्यांना भाग विकले आहेत. त्यांवर लाभांश मिळत नाही, पण वार्षिक सभेत मत देता येते. म्हणजे गहू पिकवणारे तेथील शेतकरी आपल्या संघाच्या कारभाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारू शकतात.

त्यांची मते नेहमी बरोबर ठरतात असे मुळीच नाही. डिसेंबर 2013 मध्ये ब्लू बॉम्बर्सने माइक ओशे यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. पहिल्या हंगामात 18 पैकी 7 सामने जिंकले, दुसऱ्यात अवघे 5. 2016 चा आरंभही पराभवांनी झाला, आणि प्रशिक्षक बदला अशी ओरड शहरभर सुरू झाली. व्यवस्थापनाने ऐकून घेतले, पण माणूस बदलला नाही. 2019 साली त्याच ओशे यांच्या हाताखाली संघाने 1990 नंतर प्रथमच अजिंक्यपदाचा ग्रे कप जिंकला आणि 2021 साली पुन्हा जिंकला. यावरून चाहत्यांनी गप्प बसावे असा निष्कर्ष काढणारे काढोत. मला त्यात निराळेच दिसते. ज्या कारभाऱ्यांचे हिशेब उघडे होते, त्यांनाच लोकांना आणखी थोडे थांबा असे सांगण्याचा नैतिक अधिकार होता, आणि लोक थांबलेही. आपल्याकडे वस्तादाला एक वर्षाची हमी नाही आणि पदाधिकाऱ्याला पंचवीस वर्षांचे आसन आहे.

खानदेशातील प्रेक्षकही चुकतो. आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या पुढाऱ्याचा पैलवान खाली आला की पंच विकला गेला असे म्हणण्याची खोड त्याला आहे; शेवटच्या कुस्तीसाठी बाहेरून आणलेल्या नामवंतांवर दंगलीतील निम्मी रक्कम उधळून लहान जोडींना नारळ-टोपीवर बोळवण्याची चूक यात्रा समित्या दरसाल करतात, आणि वर्गणीदारच त्यांना त्यासाठी शाबासकी देतात. पंजाब-हरियाणाचा मल्ल आणला की गावाचे नाव होते. त्या एका रात्रीच्या नावासाठी गावच्या तालमीचे छप्पर वर्षभर गळत राहते, हे सांगणारा आवाज कड्यात असतो, पण क्षीण असतो. मात्र चूक करणारा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी पारावर सापडतो, त्याच्याशी वाद घालता येतो, त्याचे मत बदलता येते. बंद दालनात घेतलेल्या निर्णयाशी वाद घालायला दारच नसते.

म्हणून परिषदेला, संघाला, उद्या न्यायालयाच्या निकालाने जी कोणती एक संघटना उरेल तिला माझी विनंती आहे, की जळगाव आणि धुळे येथे वर्षातून एकदा खुली सभा भरवावी, तीत गतवर्षीचा जमाखर्च वाचावा, वादग्रस्त लढतींचे चित्रण पडद्यावर लावून पंचांनी आपल्या निर्णयाची कारणे सांगावीत, आणि गावोगावच्या वस्तादांची नोंद करून त्यांना मासिक मानधन मुक्रर करावे. हे होईल तेव्हा होईल. परंतु दिवाळीनंतर गावोगावच्या यात्रा समित्यांच्या बैठका बसतील, आणि तेथे कोणाच्या हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. हा अंक ज्यांच्या हाती पडेल त्या वर्गणीदारांनी आपल्या गावच्या बैठकीत एवढा एकच ठराव मांडावा: दंगलीच्या रकमेतून गावच्या वस्तादाचे वर्षाचे मानधन आणि तालमीच्या दुरुस्तीचा खर्च आधी बाजूला काढावा, शेवटच्या कुस्तीचे इनाम उरलेल्या पैशांतून ठरवावे, आणि दोन्ही आकडे पहिली जोड लागण्यापूर्वी सर्वांसमक्ष वाचून दाखवावेत.